गाडी कोरडी होईपर्यंत

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच गाडी घेतली, आणि तिला छत आहे असं फक्त लांबून बघणाऱ्याला वाटायचं. बाहेरचा पाऊस थांबला तरी आमच्या गाडीतला पाऊस थोडा वेळ चालू असायचा. कारखान्यावरच्या कुणा साहेबानं कंटाळा येईपर्यंत वापरून विकलेली ती गाडी. अंगानं गोल, रंगानं काळपट, आणि आमच्या चढाच्या अंगणात उभी केली की मागची बाजू खाली टेकून बसल्यासारखी दिसायची. माझी आत्या तिला म्हस म्हणायची. "म्हस धुतली का? म्हशीवर ताडपत्री टाकली का?" आणि पावसाळा लागल्यावर, "आमची म्हस दूध देत न्हाई, पाणी देती. पण दोन्ही टायमाला देती." आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर आमच्याकडंच राहायला आलेली. जिभेला हाड नव्हतं आणि हाताला मिठाचा अंदाज नव्हता. तिच्या तावडीतून भात सुटायचा नाही आणि माणूसही सुटायचं नाही.

आमचं गाव पाटणच्या अलीकडं, कोयनेच्या काठाला. आषाढ-श्रावणात तिथं कोरडं असं काही राहतच नाही. काडेपेटी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची. लुगडी चुलीवर बांबूला टांगायची, म्हणून सगळ्या गावाच्या अंगाला धुराचा वास. रात्रंदिवस कौलांवर पाऊस, त्याच्या मागं नदीचा घोगरा आवाज, आणि घरात ठिकठिकाणी ठेवलेल्या भांड्यांत पडणारे थेंब. पितळीत वेगळे, जर्मनच्या पातेल्यात वेगळे. चपलेच्या पट्ट्यावर शेवाळ धरायचं, भिंतीतून गवत यायचं, कौलांवर तेरडा फुलायचा. कशावरही काहीही उगवलं तरी आमच्यातल्या कुणाची मान त्या बाजूला वळत नसे. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण आमचं सगळं इथंच चुकलं.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. सैन्यातून सुभेदार होऊन ते कायमचे घरी आले, तेव्हा मी नुकती मॅट्रिक झाले होते. त्याआधी ते वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. सुट्टीवरचे आबा म्हणजे ट्रंकेतला मेवा, मोठा आवाज आणि निघताना आईच्या डोळ्यांकडं न बघणं. कायमचे आलेले आबा हे निराळेच गृहस्थ निघाले. पहाटे शिट्टी मारून घर उठवायचे. हंडे-कळशा उंचीप्रमाणं लावायचे. आईनं इतकी वर्षं एकटीनं घर, ऊस, गोठा आणि मला सांभाळलं होतं, ती त्या रांगेकडं बघून एवढंच म्हणाली, "हंडं काय परेडला चाललं का?" आबा हसले नाहीत. मी हसले, आणि लगेच आबांच्या बाजूची झाले. का, तर ते मला "जवान" म्हणायचे. त्या वयात एवढं पुरतं.

माझ्याविषयीही सांगायला हवं. विज्ञानात मला गावात सगळ्यांत जास्त मार्क होते, आणि त्या वर्षी गावातून परीक्षेला बसलेली मी एकटीच होते. पण ही दुसरी गोष्ट मी कुणाला सांगत नसे. दोन वेण्या, नाकाच्या शेंड्यावर शहाणपणा. आज ती पोरगी माझ्या दारात आली, तर पाणी देण्याआधी तिला अंगण झाडायला लावीन.

गाडी आबांनी आईसाठी घेतली होती. हे ते चारचौघांत म्हणाले होते, म्हणून ते मागं घेता येत नव्हतं. आयुष्यभर आई एसटीनं फिरली; माहेरी सांगलीला जायचं तर पाटणला गर्दीत उभी, कऱ्हाडला एसटी बदलायची, काखेत मी आणि डोक्यावर बोचकं. आबा म्हणाले, "हितनं म्होरं तुला एसटीत बसू देणार न्हाई." आई तेव्हा भाकरी थापत होती. तिनं भाकरी उलटली, पण चुकून परत त्याच बाजूला उलटली. म्हणजे तिला आवडलं होतं.

त्या वैशाखात सांगलीत मामाच्या मुलीचं लग्न झालं आणि आमच्या गाडीला पहिला मान मिळाला. झेंडूच्या माळांत गाडी दिसेना. आबा चालवायला, मागं नवरा-नवरी, आणि निघताना मांडवातल्या सगळ्या माणसांनी गाडीवर मूठमूठ अक्षता टाकल्या. आमच्याकडं अक्षता तांदळाच्या. सांगलीकडं जोंधळ्याच्या, हळदकुंकवात माखलेल्या. जोंधळा अंगाला टोचतो, अशी मी नाक मुरडून तक्रार केली, तेव्हा मामी म्हणाली, "टोचू दे की. लग्न बी टोचतंयच." त्यानंतर आबांनी गाडी कुठल्याच लग्नाला दिली नाही. झेंडूचे डाग रंगावरून निघता निघेनात.

मग आषाढ आला आणि आईचा दम वाढला. तिचा जन्म कोरड्या मुलखातला. आमचा पाऊस दरवर्षी तिच्या छातीत बसायचा, पण त्या साली तो उठेचना. बोलताना दोन शब्दांच्या मध्ये थांबून श्वास शोधायची. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस कोरड्या हवेत राहू द्या. आबांनी गाडी काढली. आई पुढं, मी मागं. कऱ्हाडच्या आत गाडीत पाणी दिसायला लागलं. आई म्हणाली, "आवं, माजं पाय भिजाय लागलं. पाणी म्होरनं येतंय."

"म्होरनं न्हवं," आबा म्हणाले. "मागच्या दाराचं रबर गेलंय. तू गप बस जरा."

मी मागनं भर घातली, "आई, पाणी मागं साठतंय. म्हणजे ते मागूनच येणार. साधं आहे."

आईनं वळून माझ्याकडं बघितलं. बोलली काहीच नाही. श्वास वाचवत असेल. मामाच्या दारात उतरताना तिनं भिजून फुगलेल्या चपला गाडीतच सोडल्या आणि अनवाणी पायरी चढली. वरून म्हणाली, "पंचमीपतोर ऱ्हाते. म्होरं गाडी कोरडी झाली की न्यायला या." पंचमीला बाई माहेरी असली तर लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही. पंचमी उलटून गेल्यावरही ती तिथंच असली, की लोक जेवणं सोडून तेवढंच बोलतात.

घरी आल्यावर आबांनी लढाई सुरू केली. खडूनं रेघा मारून गाडीचे भाग पाडले, प्रत्येकाला सेक्टर म्हणायचे. मागची रबरी चटई आणि तिच्याखालचं गोणपाट काढलं. पत्र्यावर माझी तोंडाला लावायची पावडर भुरभुरली, म्हणजे थेंब आला की त्याचा माग दिसेल. पुढची चटई स्क्रूनं आवळलेली होती, ती कुणी काढली नाही. तिथं शत्रू नाही हे आधीच ठरलं होतं. मी मागच्या सीटवर पाय वर घेऊन, हातात बॅटरी. काचा बंद. आबा बाहेर, डोक्यावर इरलं, हातात तांब्या, शेजारी पाण्याची बादली. पाऊस पडत असतानाही ते तांब्यानंच ओतायचे, कारण पाऊस "डिसिप्लिनमधी पडत न्हाई." एका सांध्यावर तांब्या रिकामा करायचे आणि ओरडायचे, "रिपोर्ट?"

मी आतून ओरडायची, "सब सूखा, साब!" किंवा "गीला, साब!"

आज मला सगळ्यांत जास्त काय आठवतं, तर ती बंद काच. माझ्या श्वासानं ती आतून धुरकट व्हायची, मी तळव्यानं पुसायची, आणि पलीकडं वाहत्या पाण्यात आबांचा चेहरा हलायचा. मिशी एकीकडं, डोळे दुसरीकडं, ओठ काहीतरी म्हणताहेत आणि मला ऐकू येत नाही. जन्मल्यापासून मी त्यांना इतक्या जवळून, इतका वेळ बघितलं नव्हतं. पाऊस फारच वाढला की ते आत येऊन माझ्या शेजारी बसायचे. ओल्या गोणपाटाचा, पेट्रोलचा, त्यांच्या इरल्याचा वास. खिशातून शेंगदाणे आणि गुळाचा खडा निघायचा. गूळ दाढेनं फोडून मोठा तुकडा मला. एकदा म्हणाले, "तुला पैल्यांदा बगितलं तवा तू चालत हुतीस. मी हात पुढं केला आणि तू बोंबललीस. तुजी आई हसून हसून खाली बसली." थोडं थांबून म्हणाले, "मी बी हसलो. पन बराकीत गेल्यावर न्हाई हसलो." मी त्यावर त्यांना केशाकर्षण समजावून सांगितलं. पाणी बारीक फटीतून वरही चढू शकतं, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला गोळी घालता येती का?"

शत्रू सापडत नव्हता असं नाही. सापडत होता, पण दर वेळी तो किरकोळ शिपाई निघायचा. मागच्या दाराचं रबर खरंच फाटलं होतं. तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी पंक्चरच्या सोल्युशननं बसवली. त्रिकोणी काचेच्या कोपऱ्यातून थेंब येत होता. तिथं राळ आणि मेण एकत्र वितळवून भरलं, त्याचा वास आत्याच्या कालवणात उतरला. डिकीच्या कडेला डांबर लावलं, ते माझ्या वेणीला लागलं, आणि आत्यानं रॉकेल लावून माझी वेणी धुतली. प्रत्येक विजयाला आत्या शिरा करायची, आणि शिऱ्यात मीठ किती घालायचं यावर तिचं स्वतःचं मत होतं. दुसऱ्या सकाळी दार उघडावं तर मागच्या पत्र्यावर पाणी. पावडरीचा चिखल. त्यात एखादी बेडकी बसलेली. दर रविवारी आबा गाडी पुसायचे, तेव्हा पुढच्या काचेच्या बुडाशी, हवेसाठी असते त्या जाळीतून दोन-चार हिरवी पाती वर आलेली दिसायची. आबा ती चिमटीनं खुडून टाकायचे आणि म्हणायचे, "कटिंग झाली." आठवड्यात ती परत वाढायची. आमच्याकडं चपलेवर गवत येतं. गाडीवर आलं तर त्यात काय?

माझी नात सई साताऱ्यात राहते, तिच्या नव्या गाडीत यंदाच्या पावसात पाणी यायला लागलं. तिनं मोबाईलवर बरेच व्हिडिओ बघितले आणि मागच्या दारांवर संशय घेतला. मी पुढच्या सीटवर बसले होते. म्हटलं, "सई, माझे पाय ओले झालेत. पाणी पुढून येतंय." ती म्हणाली, "आजी, तुला काय कळतंय गाडीतलं? मागे साठतंय बघ." मला एवढा आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. मी गप्प बसले, आणि आठवडाभर तिला दारांची रबरं बदलू दिली. आपलंच शहाणपण दोन पिढ्या ओलांडून समोर उभं राहिलं की त्याला लगेच घालवून देऊ नये, जरा बसू द्यावं.

आईचा निरोप यायचा तो आमच्या गावच्या एका एसटी ड्रायव्हरबरोबर. तो अंगणात न येता रस्त्यावरूनच भडंगाचा डबा पुढं करायचा आणि म्हणायचा, "वैनी इचारत हुत्या, गाडी कोरडी झाली का?" डबा उघडला की सांगलीचा वास यायचा: लसूण, तिखट, आणि मामाच्या घरात सगळ्यालाच लागलेला हळदीचा, कारण मामा हळदीच्या पेठेत कामाला. मी मुठीनं भडंग खायची आणि उरलेल्या डब्यात नाक घालून बसायची. ओल्या हवेत भडंग लगेच सादळतं, म्हणून तो वास संपायच्या आत संपवावं लागे. मला आईची आठवण येते असं मी कुणाला सांगितलं नाही. जवानाला आठवण येत नसते. पण चुलीवर वाळत घातलेलं तिचं एक जुनं लुगडं मी वाळल्यावरही काढू देत नव्हते.

पंचमी झाली. गावातल्या बाकीच्या बायका माहेराहून परत आल्या. त्या दिवशी दुपारी आत्यानं हुलग्याचं माडगं केलं होतं. आबांच्या वाटीत वाढता वाढता ती म्हणाली, "आरं लेका, ती गाडीसाठी बसलीया व्हय तिकडं? एसटी काय बंद पडलीया?"

"म्या शबूद दिलाय तिला, अक्का. एसटीत बसू देणार न्हाई."

"शबूद दिलास गाडीचा. आनि गाडी आयकंना." आत्यानं वाटी पुढं सरकवली. "तू बॉर्डरवर हुतास तवा ह्ये घर कुणी चालवलं रं? तुज्या पगारानं न्हाई, तिनं चालवलं. आनि तू आलास ते तिला हंडं कसं ठेवायचं ते शिकवाय लागलास. सांगलीत तिला दम लागत न्हाई म्हनं. हितं कशानं लागत हुता? पावसानं का तुज्या शिट्टीनं?"

माडगं खारट होतं, पण आबांनी सगळं प्यायलं. मी मात्र माझी वाटी बाजूला ठेवली. आई न येण्याची शक्यता असू शकते, हे तोवर मला सुचलंच नव्हतं. मला वाटत होतं आपण गाडी दुरुस्त करतोय. दुसऱ्या दिवशी पहाट झाली आणि शिट्टी वाजली नाही. मी अंथरुणात जागी पडून तिची वाट बघत राहिले. नंतर उठून बघितलं तर आबा चुलीपुढं बसून आईच्या त्या चपला शेकत होते, एकेक बाजू फिरवून, भाकरी शेकावी तशा. मग त्यांनी स्वतःच्या बुटांचं पॉलिश काढलं आणि चपला घासायला लागले. इतक्या चकचकीत चपला आमच्या तालुक्यात कुणी बघितल्या नसतील. त्यांनी हंड्यांची रांगही मोडली होती. म्हणजे मोडायचा प्रयत्न केला होता. हंडे आता विखुरलेले, पण सारख्या अंतरावर.

त्यानंतर पावसानं उघडीप दिली. गाडी सलग कोरडी राहिली. मी जाहीर केलं की डांबर हाच उपाय होता. पाऊसच पडलेला नाही, ही बाब माझ्या विज्ञानात बसली नाही. आबांनी चपला वर्तमानपत्रात गुंडाळून पुढच्या सीटवर ठेवल्या आणि आम्ही सांगलीला निघालो. आत्यानं गाडीच्या चाकावर पाणी घातलं आणि म्हणाली, "म्हशे, आज तरी आटून ऱ्हा."

कऱ्हाड ओलांडलं आणि समोर आभाळ खाली आलं. आधी टपटप, मग दोन्ही बाजूंचा ऊस आडवा करणारा पाऊस. मी मागं वाकून पत्र्यावर तळवा टेकवून बसले होते. आबांनी आरशातून विचारलं, "रिपोर्ट?"

"सब सूखा, साब."

जरा पुढं गेल्यावर परत, "रिपोर्ट?"

पत्रा गार होता, पण कोरडा. "सूखा, साब." मी मनातल्या मनात यमाईला नारळ बोलले, मग पेढेही. आष्ट्याच्या अलीकडं माझ्या मधल्या बोटाला काहीतरी लागलं. पुढच्या चटईच्या खालून, हळूच, कुणी बोट पुढं करावं तसं पाणी येत होतं.

"रिपोर्ट?"

मी ओलं बोट मुठीत लपवलं. आबांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि हात स्टिअरिंगवर ठेवून नुसते बसले. वायपर एकीकडून दुसरीकडं जात होता. मी म्हणाले, "गीला, साब." मला रडू आलं होतं, आणि रडताना हिंदी बोलणं फार कठीण असतं.

"मागं फिरायचं का?" आबा म्हणाले. हुकूम नव्हता तो. ते मला विचारत होते. त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं, रिपोर्टशिवाय.

मी म्हणाले, "चपला तरी देऊन येऊ."

मामाच्या दारात पोचलो तेव्हा पाऊस बारीक झाला होता. आई उंबऱ्यात उभी होती. गालांवर जरा मांस आलेलं, श्वास सरळ. मला बघून हसली, पण पायरी उतरली नाही. मामा छत्री घेऊन पुढं आला, "या दाजी, या." आबा गाडीतून उतरले, वर्तमानपत्राची गुंडाळी दोन्ही हातांत धरून. ती आईला देताना म्हणाले, "गाडी कोरडी न्हाई झाली. लय केलं, पन न्हाई झाली." सुभेदाराला असं बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

आईनं गुंडाळी उघडली. चपलांकडं बघितलं, मग आबांकडं, मग चपलांवर बोट फिरवून बोट बघितलं, पॉलिश लागतंय का म्हणून. त्या घातल्या आणि पायरी उतरून गाडीपाशी आली. मला वाटलं, मागचं दार उघडून ओल बघेल. ती बॉनेटपाशीच थांबली. रविवारची कटिंग राहून गेली होती. काचेच्या बुडाशी बोटभर पाती डोलत होती.

"ह्यो जोंधळा कुणी पेरला?" आई म्हणाली.

"जोंधळा न्हवं, गवत हाय," आबा म्हणाले. "आपल्याकडं उगवतंच की."

"मला जोंधळा शिकवू नगासा." तिनं एक पात दोन बोटांत धरून जाळीतून अलगद ओढली. खाली पांढरं मूळ आलं आणि मुळाला फुटलेला दाणा, अजून कुंकवानं लालसर. मामानं छत्री वाकडी करून बघितलं आणि म्हणाला, "आयला, ह्या तर आमच्या पोरीच्या अक्षता."

आईनं अंबाड्यातला आकडा काढला, सरळ केला आणि जाळीत घातला. जाळीच्या आत पत्र्याचं पन्हळ असतं, आणि आत गेलेलं पावसाचं पाणी रस्त्यावर पडायला त्याला खाली भोक असतं. हे आज मला सई सांगते. तेव्हा आम्हांला माहीत नव्हतं, आणि आईला माहीत असायची गरज पडली नाही. तिला शेतातला पाट तुंबलेला कळत होता. आकड्यानं ती उकरत गेली तसं एकेक बाहेर आलं: फुगून एकमेकांत रुतलेला जोंधळा, काळा पडलेला झेंडू, मुंडावळीचा दोरा आणि त्यात अडकलेला एक मोती. मग आतून घोट घेतल्यासारखा आवाज झाला आणि गाडीच्या खालून धारच्या धार रस्त्यावर पडली. लग्नापासूनचं साठलेलं. तोवर तेच पाणी काठ ओलांडून आत, पुढच्या चटईखालून, आईच्या पायांखालून मागं जात होतं, आणि आमच्या अंगणाच्या उतारानं मागं साठत होतं. साधं होतं.

आई आकड्याचं टोक पदराला पुसत म्हणाली, "त्या दिशी म्हनलं नव्हतं, पाणी म्होरनं येतंय?"

मी केशाकर्षणाविषयी काही बोलले नाही. आबा त्या धारेकडं बघत उभे होते. छत्री मामाच्या हातात, आबा भिजत. मग ते म्हणाले, "म्हनली हुतीस."

एवढंच. पण आईनं आकडा परत केसांत खोवला आणि मामीला हाक मारून म्हणाली, "माजी पिशवी भर." मग पुढचं दार उघडून आपल्या जागी बसली. "बसते आत. कोरडं ऱ्हातंय का बगू द्या."

टेस्ट म्हटल्यावर मी नेहमीप्रमाणं मागचं दार उघडायला गेले. आबा म्हणाले, "जवान, तू बाहीर. तांब्या घे." आणि ते स्वतः फिरून चालकाच्या जागी जाऊन बसले. त्या बाजूचीही पाहणी करायला हवी, म्हणाले. दारं लागली, काचा वर झाल्या. मामीनं मला तांब्या आणि बादली आणून दिली, आणि मी पावसात उभी राहून पुढच्या काचेवर पाणी ओतायला लागले.

वाहत्या पाण्याच्या पलीकडं दोघांचे चेहरे हलत होते. आबा काहीतरी बोलत होते, समोर बघून. आई खाली पायांकडं बघत होती. मग तिनं मान वर केली आणि काहीतरी म्हणाली, लांबलचक, मध्ये कुठंही न थांबता. आबा हसले. मिशी पाण्यात वाकडी झाली.

"रिपोर्ट?" मी ओरडले.

कुणी ऐकलं नाही. मी आणखी एक तांब्या ओतला. "रिपोर्ट?" आईनं काच आतून पुसली, पण माझ्याकडं बघण्यासाठी नव्हे, उगाच पुसली आणि बोलत राहिली. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि त्या गाडीतली माझी जागा गेली होती. मी बादली संपेपर्यंत ओतत राहिले. संपल्यावर मामीकडून दुसरी मागून घेतली.

त्याच दिवशी आम्ही परत निघालो. वाटेत कोसळत होतं. आई पुढं, चकचकीत चपला घालून. मी मागं, तळवा टेकवून. घरापर्यंत पत्रा कोरडा. आबांनी रिपोर्ट विचारला नाही.

आता आबा नाहीत, आई नाही, म्हस तर केव्हाच भंगारात गेली. सईची दारांची सगळी रबरं बदलून झाली आणि तरी पाणी आलं, तेव्हा मी माझ्या केसांतली पिन काढून तिला दिली. काचेच्या बुडातून गेल्या दसऱ्याचा झेंडू निघाला आणि आपट्याची पानं. सई पिन परत देताना जरा शरमली. मी तिला म्हटलं, आता टेस्ट घ्यायला हवी, मी आत बसते. तिनं मला पुढच्या सीटवर बसवलं. मी म्हटलं, पुढं नाही, मागं. पाय वर घेता आले नाहीत. गुडघे आता ऐकत नाहीत. काचा लावून घेतल्या. सईनं पाइप सोडला. पाणी काचेवरून वाहायला लागलं, तिचा चेहरा त्यात हलायला लागला, ओठ काहीतरी विचारत होते, झालं का, येतंय का, असलं काहीतरी. आत सगळं कोरडं होतं. मी पायांखालच्या चटईवर हात टेकवून बघितलं. एक थेंब नव्हता. तरी मी हातानं तिला खुणावलं, अजून ओत.